ओर्से म्युझियममधल्या अनोळखी काकांना थँक्यू

काका, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं म्हणून हे असं जाहीर लिहितेय, कोणी ओळखत असेल तर पोचवा प्लीज.

पॅरिसला ओर्सेमध्ये मोने या फ्रेंच चित्रकाराच्या 'मॅगपाय' या बर्फातल्या पक्ष्याच्या चित्रासमोर मी नवऱ्याला म्हणाले, "चल पुढे, नुसता बर्फ तर आहे," आणि मागून आवाज आला, "नुसता कसा?" मी दचकलेच! परदेशात मराठीत काहीही बोललं तरी खपतं असं आपल्याला वाटत असतं ना.

मग तुम्ही खिशातून पांढरा टिश्यू काढून दिलात आणि तो लांब धरून त्याच्या शेजारी चित्रातला बर्फ बघायला लावलंत. अहो, बर्फ पांढरा नव्हताच! उन्हातला सायीसारखा पिवळट, आणि कुंपणाची सावली तर चक्क निळी-जांभळी. मी आजवर सावली म्हटलं की काळा कालवून ग्रे फासत आलेय (क्लासमध्येही तेच शिकवलेलं). तुम्ही म्हणालात, सावलीत ऊन पोचत नाही पण वरचं निळं आभाळ तर पोचतं, आणि बर्फावर ते लपत नाही. इतकं सोपं, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं!

जवळून तर काहीच कळेना, कुंपणावरचा बर्फ म्हणजे रंगाचे जाडसर फटकारे, एकावर एक, आणि सहा पावलं मागे आलो तर फाटकावरचा तो पक्षी आत्ता उडेल असं वाटायला लागलं. आपल्या कावळ्याच्याच खानदानातला तो, एवढ्या उजेडात तेवढाच काळा ठिपका नजर धरून ठेवतो.

1868-69 चा हिवाळा, नॉर्मंडीतलं एत्रेता, मोने जेमतेम 28 चा, आणि 1869 च्या सलूनने हे चित्र नाकारलं. सलून म्हणजे केस कापायचं नव्हे, तिथलं सरकारमान्य मोठं प्रदर्शन, हेही तुम्हीच हसत सांगितलंत. निळी सावली तेव्हा पचली नसणार, मला तरी कुठे दिसली होती.

काका, चित्र अजून एकही धड जमलेलं नाही. पण परवा बाल्कनीत पांढरी चादर वाळत घातली आणि कठड्याची सावली तिच्यावर निळी पडलेली दिसली, मी बघतच उभी राहिले, आत गॅसवरचं दूध उतू गेलं.