खुर्चीच्या फोटोखाली डिझायनरचं नाव छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत घरसजावटीचं पान मी सगळ्यात आधी उघडते, खुर्च्या, दिवे, टेबलं, फोटो छानच असतात, पण ती खुर्ची कुणी डिझाइन केली हे कधीच लिहिलेलं नसतं. बिल्डिंगचा फोटो असला की आर्किटेक्टचं नाव येतं ना, मग इथे का नाही?

डिझायनर नाओतो फुकासावांचंच घ्या. जन्म १९५६, जपान. १९८० मध्ये सायको एप्सन कंपनीत लागले, १९८९ ला अमेरिकेत गेले, १९९६ ला टोकियोला परत आणि २००३ पासून स्वतःचं ऑफिस. त्यांनी मुजी या घरगुती वस्तूंच्या जपानी कंपनीसाठी भिंतीवर लावायचा सीडी प्लेयर केला, झाकण नाही, खाली लोंबणारी दोरी ओढली की सीडी पंख्यासारखी फिरायला लागते. दोरी दिसली की हात आपोआप तिकडे जातो, कुणाला काही समजवावं लागत नाही! त्यांचं सगळं काम यावरच उभं आहे, माणूस विचार न करता काय करतो ते बघत राहायचं. छत्री भिंतीला टेकवताना आपण तिचं टोक फरशीच्या फटीत अडकवतो की नाही, मग ते म्हणतात वेगळा स्टँड कशाला, भिंतीपासून थोड्या अंतरावर जमिनीत एक खाच पुरे. मला तरी हे कुठल्याही नक्षीकामापेक्षा भारी वाटतं.

२००८ ची हिरोशिमा खुर्ची पण तशीच. मारुनी कंपनीची, लाकडी, पाठ आणि हात एकाच वळणात जातात, कुठे पाठ संपली नि हात सुरू झाला ते कळतच नाही. यावर लोक म्हणतात हे तर साधंच आहे, यात डिझाइन काय. अहो, पण तो साधेपणाच तर मुद्दाम कमावलेला आहे, ब्रिटिश डिझायनर जास्पर मॉरिसनबरोबर त्यांनी २००६ मध्ये टोकियोत सुपर नॉर्मल नावाचं प्रदर्शन भरवलं ते याचसाठी, त्यात नामवंतांच्या वस्तूंसोबत कुणी केल्या ते माहीत नसलेल्या रोजच्या वापरातल्या वस्तूही मांडल्या होत्या.

तेव्हा विनंती एवढीच की फोटोखाली डिझायनरचं नाव आणि साल छापा, आणि जमलं तर खुर्चीचा मागच्या बाजूनेही एक फोटो द्या, सांधे कसे जुळवलेत ते तिकडूनच दिसतं.

आपली,
एक नियमित वाचक