गाडीच्या रंगावर रोज सकाळी फिरणारे फडके

महोदय,

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत मोटारीच्या रंगाची निगा राखण्याविषयी जो लेख आला, त्याचा एकूण सूर असा होता की सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवून कडक होणारा पातळ संरक्षक लेप, एकदा करून घेतले की पुढची काही वर्षे गाडीच्या चकाकीची काळजी उरत नाही. गेली अकरा वर्षे मी एक गडद निळी सेडान कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये ठेवतो आणि तिचा रंग घरच्या घरी सांभाळतो. त्या अनुभवावरून, लेखात सर्वांत महत्त्वाची गोष्ट राहून गेली असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

गडद रंगाची चार-पाच वर्षे वापरलेली कोणतीही गाडी उन्हात उभी करावी आणि बॉनेटवर सूर्याचे प्रतिबिंब पडते तिथे निरखून पाहावे. प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसतात. वास्तविक ते ओरखडे वाटेल त्या दिशेने गेलेले असतात, पण प्रकाश परावर्तित करण्याजोग्या कोनात असलेले तेवढेच चमकतात, म्हणून ते गोल भासतात. हे ओरखडे प्रवासात क्वचितच पडतात. बहुतेक सगळे गाडी पुसताना पडतात. सोसायट्यांमध्ये पहाटे गाड्या पुसणारा मुलगा एका बादलीत आणि एकाच फडक्याने वीस-पंचवीस गाड्या उरकतो, आणि दहाव्या गाडीपर्यंत ते पाणी चहाच्या रंगाचे झालेले असते. त्या फडक्यातली वाळू म्हणजे पॉलिश पेपरच. त्या मुलाला दोष देण्यात मात्र अर्थ नाही, कारण महिन्याला आपण त्याला जे देतो त्यात दुसरी बादली भरण्याइतका वेळ त्याने काढावा, ही अपेक्षाच जरा धाडसाची आहे.

आजच्या गाड्यांच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीला पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग यायचा, कारण तिच्यावर हा पारदर्शक थर नव्हता. आता फडके पांढरे राहते, त्यामुळे आपण काही खरवडून काढत आहोत हे लक्षातच येत नाही. दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिश करून देऊ का?’ असे विचारले जाते, त्याला मी नम्रपणे नकार देतो. एकदा होकार दिला होता. गाडी घरी आली तेव्हा सावलीत आरशासारखी दिसत होती आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात दारांवर मशीनच्या चकतीचे धुरकट पट्टे उमटले होते. ओरखडे काढायचेच असतील तर गोल फिरता फिरता हेलकावणारे ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशिंग मशीन नवख्या हाताला सुरक्षित असते. आधी हातभर जागेवर सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड वापरून पाहावे, आणि तेवढ्याने भागले तर कंपाउंडचा, म्हणजे अधिक खरवडणाऱ्या पॉलिशचा, डबा उघडूच नये.

पण मुळात ओरखडे पडूच नयेत यासाठी लागते ती फक्त धुण्याची शिस्त. गाडी सावलीत, पत्रा थंड असताना, आधी नुसत्या पाण्याने वरून खाली भिजवून धूळ वाहून जाऊ द्यावी. मग एका बादलीत कार शॅम्पू आणि दुसरीत साधे पाणी घ्यावे. मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात खळबळून, मगच शॅम्पूत बुडवावा. टपापासून सुरुवात करून दारांचा खालचा भाग शेवटी घ्यावा, आणि चाकांसाठी वेगळे फडके ठेवून ते कधीही बॉनेटला लावू नये. भांड्यांचा साबण वापरला तर आधी लावलेले मेण निघून जाते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी अंगावर वाळू दिले की क्षारांचे पांढरे ठिपके पडतात, म्हणून मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने लगेच टिपून घ्यावे. या सगळ्याला मला ३०-३५ लिटर पाणी लागते. नळी सोडून गाडी धुणाऱ्यांनी आपले पाणी एकदा मोजून पाहावे.

धुतल्यावरही पत्रा हाताला खरखरीत लागतो का, हे पाहायची सोपी युक्ती आहे: बोटांवर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून पत्र्यावरून हलकेच फिरवावी. खरखर जाणवली तर ती ब्रेकच्या लोखंडी कणांची किंवा रंगाच्या उडालेल्या तुषारांची असते आणि ती क्ले बारने, म्हणजे रंगावरचे कण उचलून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, भरपूर ओलावा ठेवून, निघते. क्लेचा गोळा एकदा जमिनीवर पडला की जीव कितीही तुटला तरी टाकून द्यावा.

आमच्या पार्किंगवर आंब्याचे झाड आहे. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा टपावर असा साचतो की वर्तमानपत्राचा कागद ठेवला तर चिकटून बसावा. तो कोरडा घासणे म्हणजे अडकलेली धूळ रंगात रगडणे होय. ओले फडके दहा मिनिटे वर ठेवले की तो विरघळतो. पक्ष्यांची विष्ठा तर काही तासांच्या आतच काढावी लागते, कारण उन्हाने तापून मऊ झालेल्या क्लिअर कोटमध्ये तिचा डाग खोल उतरतो. दसऱ्याला बॉनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक काढून आठवडाभर तसेच ठेवण्याची चूक मीही केली आहे. आता पूजा तितक्याच भक्तीने होते, पण स्वस्तिक नंबर प्लेटवर काढले जाते आणि झेंडूच्या हाराची तार कापडाच्या पट्टीत गुंडाळलेली असते.

राहिला प्रश्न सिरॅमिकचा. ते चांगले असते, हे मला मान्य आहे. पाणी आणि चिखल त्यावर टिकत नाहीत आणि धुणे सोपे होते. पण जाहिरातीतला ‘९एच’ हा आकडा पेन्सिलीच्या शिशाने ओरखडा उठतो का, या चाचणीतला आहे. हिऱ्या-माणकांच्या मोजपट्टीशी त्याचा संबंध नाही, आणि वाळूला ते कोटिंग दाद देत नाही, असा समज करून घेऊ नये. शिवाय आधीचे ओरखडे न काढता कोटिंग केले तर ते त्याखाली तसेच राहतात. साधे कार्नोबा मेण (एका ताडाच्या पानांपासून मिळणारे) काही आठवड्यांत उतरते, हे खरे, पण दर दोन महिन्यांनी ते लावताना पत्र्याचा प्रत्येक भाग हाताखालून जातो आणि नवी खरचट वेळीच दिसते, हा त्याचा लाभ मला मोठा वाटतो.

आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात आम्ही काही जणांनी मिळून गाड्या पुसणाऱ्या मुलाला दुसरी बादली आणि डझनभर मायक्रोफायबर फडकी घेऊन दिली, त्याचा पगारही थोडा वाढवला आणि कोरडी धूळ पुसायची नाही, एवढेच सांगितले. वर्गणी मागायला गेलो तेव्हा शेजारच्या इमारतीतल्या काळ्या एसयूव्हीच्या मालकांनी मात्र ती द्यायचे नाकारले. त्यांच्या गाडीवर सिरॅमिक असल्याने त्यांना त्याची गरज नव्हती.

आपला,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे