साखरेच्या तपासणीबरोबर हिरड्याही तपासाव्यात

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मधुमेह आणि रक्तदाबाच्या तपासणीची शिबिरे सोलापुरात आता वरचेवर भरतात आणि आपल्या दैनिकात त्यांच्या बातम्याही येतात. या शिबिरांत बोटातून रक्ताचा थेंब घेतला जातो, वजन केले जाते, कोठे कोठे डोळे आणि पावलेही पाहिली जातात; हिरड्यांविषयी मात्र एक प्रश्नही विचारला जात नाही. शहराच्या पूर्व भागात अनेक वर्षे दातांचा दवाखाना चालवून आता निवृत्त झालेला एक दंतवैद्य या नात्याने ही उणीव आपल्यामार्फत महापालिकेच्या आरोग्य विभागापुढे मांडू इच्छितो.

दात घासताना रक्त येणे ही आपल्याकडे आजार मानण्याची गोष्टच नाही. ‘उष्णता झाली असेल’ असे म्हणून माणूस चार दिवस सब्जाचे पाणी पितो आणि, जे अधिक घातक आहे, दुखेल म्हणून त्या जागी ब्रश फिरवणेच बंद करतो. वस्तुतः रक्त येते ते तेथे जिवाणूंचा चिकट थर साचून हिरडी सुजल्यामुळे, आणि थर तसाच ठेवला तर सूज वाढतच जाते. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या तरुणांना दात घासणे थांबवण्यास सांगण्यात आले होते. तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. या टप्प्यावरचा आजार पूर्ण बरा होतो. दुर्लक्ष झाले तर मात्र अनेकांच्या बाबतीत सूज हिरडीखाली उतरते, दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते, आणि एकदा झिजलेले हाड बहुतांशी परत येत नाही. लोक ज्याला पायरिया म्हणतात तो हाच आजार. दाढ किडली की ठणका लागतो आणि माणूस रात्रीतून दवाखाना गाठतो. हिरड्यांचा आजार वर्षानुवर्षे न दुखता आतले हाड खात राहतो, म्हणून रुग्ण आमच्यापर्यंत पोहोचतो तो दात हलू लागल्यावर. शेंगाचटणी चावत नाही म्हणून भाकरी आमटीत कुस्करून खाणाऱ्या, वयाची पन्नाशीही न गाठलेल्या स्त्रिया मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेकींचे दात किडीने गेलेले नव्हते.

‘डॉक्टर, मशीन लावू नका, दात ढिले होतात,’ हे वाक्य दातांची सफाई सुचवल्यावर मी जितक्या वेळा ऐकले तितके दुसरे कोणतेही ऐकले नसेल. या समजुतीचे मूळ नीट सांगितले पाहिजे, कारण तिच्यामागे रुग्णांनी स्वतः पाहिलेला अनुभव असतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने हंड्याच्या आत जसा क्षारांचा थर धरतो, तसे जिवाणूंच्या थरात लाळेतील क्षार बसून त्याचे किटण होते, आणि ते ब्रशने निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला हे किटण इतके जाड होते की हाड गेलेले चार-पाच दात त्याच्याच आधाराने एकमेकांना चिकटून उभे असतात. किटण काढल्यावर ते हलतात, मधल्या फटी मोकळ्या होतात, सूज उतरून हिरडी खाली जाते आणि मुळे उघडी पडल्याने काही दिवस थंड पाणी झोंबते. रुग्णाला साहजिकच वाटते की हे यंत्राने केले. प्रत्यक्षात हाड आधीच गेलेले असते आणि किटणाने ते झाकून ठेवलेले असते. ही गोष्ट आरसा हातात देऊन सफाईच्या आधीच दाखवली, तर रुग्ण उपचार अर्धवट सोडत नाही. आणि माझ्या व्यवसायबंधूंनी गर्दीच्या वेळीही यासाठी पाच मिनिटे काढावीत, अशी त्यांना नम्र विनंती आहे.

उपचाराविषयी लोकांच्या मनात ऑपरेशनची धास्ती असते, तीही बऱ्याच अंशी अनाठायी आहे. प्रथम मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक, बोथट सळईने प्रत्येक दाताभोवती हिरडी किती खोल सुटली आहे ते मोजतात. १ ते ३ मिलिमीटर खोली निरोगी समजली जाते. ४ आणि त्यापुढचे आकडे रक्तस्रावासह येऊ लागले की आजार आत शिरला असे धरावे, आणि हाड किती उरले आहे हे एक्स-रेवरून कळते. त्यानंतर हिरडीच्या वरचे आणि खालचे किटण काढतात, खोल जागी भूल देऊन मुळाचा पृष्ठभाग स्वच्छ करतात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजमाप घेतात. बहुतेक रुग्णांचे काम एवढ्यावर भागते. ज्या जागा त्यानंतरही खोल राहतात, तेथेच हिरडी उघडून सफाई करावी लागते. मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही, कारण किटण जागच्या जागी राहते. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्याही डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस कराव्यात. महिनोन्‌महिने केल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव बदलते. ज्यांचे हाड झिजले आहे त्यांना पुढे आयुष्यभर ठरावीक काळाने, बहुधा तीन-चार महिन्यांनी, तपासणीला यावे लागते, हे मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

मधुमेहाशी या आजाराचे नाते दुहेरी आहे. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार अधिक होतो आणि वेगाने वाढतो. उलट हिरड्यांत सतत सूज असली की साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. हिरड्यांवर योग्य उपचार केल्यावर मधुमेही रुग्णांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (एचबीए१सी तपासणीतला) आकडा सुमारे ०.४ ने उतरतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसून आले आहे. म्हणजे ८.४ असलेला आकडा ८ च्या आसपास यावा. मधुमेहाची औषधे अर्थातच चालू ठेवायची आहेत, पण औषधे नियमित घेऊनही साखर उतरत नाही अशी तक्रार असलेल्या रुग्णाचे तोंड एकदा उघडून पाहायला काय हरकत आहे?

सोलापूरचा म्हणून जो वेगळा प्रश्न आहे तो तंबाखूचा. विडी वळणाऱ्या हजारो भगिनींच्या मांडीवरच्या सुपात तंबाखू दिवसभर असतेच, आणि घरात तव्यावर भाजून केलेली मिश्री आजीपासून नातीपर्यंत पोहोचते. तंबाखूयुक्त दंतमंजन आणि टूथपेस्ट यांवर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, पण तव्यावरच्या मिश्रीला ती कशी लागू होणार? मिश्री लावणारी स्त्री ती दात स्वच्छ करण्यासाठी लावते, म्हणून ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला ती प्रामाणिकपणे नाही म्हणते. ‘अक्का, मिश्री किती वेळा लावता?’ असे विचारले की उत्तर मिळते, आणि ते पुष्कळदा सकाळी, दुपारच्या जेवणानंतर, रात्री, शिवाय काम करताना तलफ आली की, असे असते. जेथे मिश्री घासली जाते तेथे हिरडी सरकते आणि मुळे उघडी पडतात. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहे तो वेगळाच. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या बाबतीत तर रक्त येण्याची खूणही फसवी ठरते, कारण धूम्रपानाने हिरड्यांतून रक्त कमी येते आणि आतला आजार झाकला जातो.

घरी करायचे ते थोडे आहे. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून, जोर न लावता, दोन मिनिटे घासावे. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे कधीही चुकवू नये. आणि दातांमधल्या फटींसाठी मिळणारा बारीक ब्रश किंवा दोरा रोज वापरावा. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनी दात झिजतात. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात आणि त्या काळात सफाई करून घेणे सुरक्षित असते, हे सासूबाईंनाही सांगावे लागते.

महापालिकेकडे माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. असंसर्गजन्य आजारांच्या सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाचा कर्करोग यांसाठी तपासणी व्हायची असते. म्हणजे नागरी आरोग्य केंद्रात रुग्णाचे तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिले जाणे आधीच अपेक्षित आहे. त्याच वेळी तीन प्रश्न विचारावेत: घासताना रक्त येते का, एखादा दात हलतो का, मिश्री लावता का. यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर मधुमेहाच्या कार्डावर तशी नोंद करून रुग्णाला शासकीय रुग्णालयाच्या दंत विभागाकडे किंवा जवळच्या दंतवैद्याकडे पाठवावे. घरोघरी माहितीचा अर्ज भरून घेणाऱ्या आशा ताईंना हे तीन प्रश्न एका दुपारच्या प्रशिक्षणात शिकवता येतील. विडी घरकुल, साखर पेठ, नीलम नगर या भागांपासून सुरुवात करावी, आणि भिंतीवर लावायचा मजकूर मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही छापावा, कारण ज्या घरांत मिश्री भाजली जाते त्यांतील अनेक घरांत मराठी वाचली जात नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दंतवैद्य,
सोलापूर