बेझांसोंची मैफल आणि आपल्याकडचा पावसाळा

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

दीनू लिपात्ती या पियानोवादकाच्या एलपी कुरियरने पाठवल्यात. शोपँचे वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाच्या चालीवरच्या पियानो-रचना, दोन वेळचे आहेत. आधी जिनिव्हाचे लावा, जुलै १९५० मधले. हॉजकिन्सच्या आजारात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगात, कॉर्टिसोन या औषधामुळे थोडे दिवस ताकद आली, तेवढ्यात त्याने चौदाही वाजवून घेतले. मग फ्रान्समधल्या बेझांसोंची मैफल, १६ सप्टेंबरची. तिथे तेराच झाले, चौदाव्यापुरतं त्राण उरलं नव्हतं. त्याऐवजी त्याने बाखची एक प्रार्थना वाजवली, ती या रेकॉर्डवर नाही. २ डिसेंबरला तो गेला, ३३ वर्षांचा.

बाबा, या मैफलीत बाखच्या पार्टिटाआधी (नाचांच्या चालींवरच्या रचनांची माळ) तो नुसतेच काही सूर छेडतो, ते नीट ऐका. कोल्हापूरच्या देवल क्लबात गवई आधी षड्ज लावून घेतात ना, अगदी तसं. मला ते सगळ्यात जवळचं वाटतं.

पियानोला मींड नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, त्यामुळे रेकॉर्ड प्लेअरचा दोष गाण्यात लपतो तसा इथे लपत नाही. लांब सूर डुलायला लागला तर टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे, बघा. दर फेऱ्याला, म्हणजे १.८ सेकंदाला, तो डावी-उजवीकडे झुलत असेल तर तबकडीचं भोक मध्यात नाही. आर्म स्थिर असूनही सूर हलत असेल तर बहुतेक तबकडी फिरवणारा पट्टा सैल झालाय, तो बदला. सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) कागदावर असेल तेवढाच ठेवा, साधारण २ ग्रॅम. हलका ठेवला की तबकडी जपली जाते असं नाही. जोरकस जागी सुई चरात उडते आणि तिथेच चर खराब होतो. ही रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची, आहेत, म्हणून ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा. मोनोत सूर फक्त आडव्या हालचालीत असतो, वरखाली होते ती नुसती खरखर, आणि बटणाने तीच मरते.

आई, आषाढात आपलं कपाट दमट होतं. तबकड्या उभ्याच ठेव, भिंतीला टेकवू नकोस. बुरशी दिसली तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ फडकं, चराच्या दिशेने गोल पूस, लेबल ओलं करू नकोस. पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालायची नाही. बाबांच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांना मात्र स्पिरिट लावूच नकोस. त्या लाखेच्या आहेत, स्पिरिटमध्ये लाख विरघळते.

तुमची,
सुमी