बेंझीनचा आकडा आणि पावसाळी हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहरातील हवेतले बेंझीन (पेट्रोल आणि धुरातला विषारी वायू) सेकंदासेकंदाला मोजणाऱ्या ‘पीटीआर-एमएस’ यंत्रावरील, म्हणजे रेणूंना प्रोटॉन देऊन त्यांना वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावरील लेख आपल्या पुरवणीत वाचला. यंत्राचे कौतुक योग्यच आहे. मात्र ‘हवेतील बाष्पाचा या मोजणीवर परिणाम होत नाही’ हे त्यातले विधान अ‍ॅसिटोनपुरते बरेचसे खरे असले तरी बेंझीनला लागू पडत नाही. लेखाचा सगळा भर बेंझीनवर होता, म्हणून हे पत्र.

ऑस्ट्रियातील इन्सब्रुक विद्यापीठात वेर्नर लिंडिंगर यांच्या गटाने 1990 च्या दशकात ही पद्धत उभी केली. पाण्याच्या वाफेत विद्युत विसर्जन घडवून हायड्रोनियम आयन तयार करतात, म्हणजे एक जादा प्रोटॉन घेतलेला पाण्याचा रेणू. या आयनाचे वस्तुमान 19. हे आयन ड्रिफ्ट ट्यूबमध्ये, म्हणजे विद्युत क्षेत्र लावलेल्या नळीत, नमुन्याच्या हवेतून पुढे ढकलले जातात. समोर येणाऱ्या रेणूला प्रोटॉनची ओढ पाण्याहून जास्त असेल तर प्रोटॉन त्याच्याकडे जातो. ही ओढ, म्हणजे प्रोटॉन अ‍ॅफिनिटी, किलोज्यूल प्रति मोलमध्ये अशी: पाणी 691, बेंझीन 750, टोल्युईन 784, अ‍ॅसिटोन 812. नायट्रोजन 494 आणि ऑक्सिजन 421 वर असल्याने हवेचा मुख्य भाग या व्यवहारात पडतच नाही. बेंझीन मग 79 या वस्तुमानावर दिसते, अ‍ॅसिटोन 59 वर.

गोंधळ होतो तो हायड्रोनियम एकटा राहत नाही म्हणून. त्याला पाण्याचा आणखी एक रेणू चिकटतो आणि 37 वस्तुमानाचा पुंजका बनतो. हा बंध सुमारे 132 किलोज्यूलचा, म्हणजे चांगलाच घट्ट असतो. दोन पाण्यांच्या या जोडीची प्रोटॉनवरची पकड सुमारे 808 पर्यंत जाते. 750 वाले बेंझीन तिच्याकडून प्रोटॉन काढून घेऊ शकत नाही, टोल्युईनही नाही. अ‍ॅसिटोनचे तसे नाही. त्याचा रेणू ध्रुवीय असल्याने तो पुंजक्यातल्या एका पाण्याला हटवून त्याची जागा घेतो आणि पुढे उरलेले पाणी टक्करींत गळून पडते. म्हणून दमट हवेत अ‍ॅसिटोनचा आकडा फारसा हलत नाही, बेंझीनचा मात्र खाली येतो. (फॉर्मल्डिहाइडची कथा आणखी वेगळी: ते 713 वर, पाण्याच्या जेमतेम वर, त्यामुळे मिळालेला प्रोटॉन ते दमट हवेत पाण्यालाच परत देऊन बसते.)

पुंजके फोडायला विद्युत क्षेत्र लागते. 9.3 सेंटिमीटरची ड्रिफ्ट ट्यूब, 600 व्होल्ट, 2.2 मिलिबार दाब आणि 60 अंश तापमान धरले तर क्षेत्र आणि रेणूंची घनता यांचे गुणोत्तर साधारण 135 टाउनसेंड (या गुणोत्तराचे एकक) येते. एवढ्यावर बहुतेक पुंजके टक्करींनी तुटतात. 90 च्या आसपास उतरलात की ते झपाट्याने वाढतात. मग व्होल्टेज चढवतच का नेऊ नये? कारण पुंजक्यांबरोबर रेणूही फुटू लागतात. इथिलबेंझीनचा तुकडा नेमका 79 वरच पडतो आणि बेंझीन उगाच जास्त दिसते. या ओढाताणीतून पूर्ण सुटका नाही. एक गुणोत्तर ठरवून त्यावर ठाम राहणे एवढेच हाती असते.

आता आपल्याकडची हवा पाहा. जुलैत मुंबईचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे हवेत सुमारे 3 टक्के वाफ. यंत्राचा आकडा तपासून घेण्यासाठी वापरायचा, बेंझीनचे प्रमाण माहीत असलेला सिलिंडरमधला कॅलिब्रेशन वायू मात्र कोरड्या नायट्रोजनमध्ये भरलेला असतो. कोरड्यात काढलेला गुणक दमट हवेला लावला की बेंझीन कमी भरते. पावसाळ्यात समुद्रावरचा वारा बेंझीन पांगवतो हे खरेच, पण आकड्यातली घट किती वाऱ्याची आणि किती पुंजक्यांची, हे वेगळे करायला हवे. 2009 च्या राष्ट्रीय मानकानुसार बेंझीनची वार्षिक मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम, म्हणजे जेमतेम 1.6 पीपीबी (अब्ज भागांत 1.6 भाग) आहे. इतक्या खालच्या पातळीवर थोडीशी चूकही निष्कर्ष फिरवते.

उपाय अवघड नाही, कंटाळवाणा आहे. 1 पीपीएमच्या (दशलक्ष भागांत एक भाग) सिलिंडरमधून मिनिटाला 10 मिलिलिटर वायू 990 मिलिलिटर शुद्ध हवेत मिसळला की 10 पीपीबी मिळतात. असे 1 ते 20 पीपीबीमधले चार-पाच बिंदू निदान तीन वेगवेगळ्या आर्द्रतांना घ्यावेत. शुद्ध हवाही सिलिंडरची नको. बाहेरचीच हवा 350 अंशांवरच्या प्लॅटिनम उत्प्रेरकातून न्यावी, म्हणजे सेंद्रिय वायू जळतात आणि बाष्प राहते. कोळशाच्या गाळणीने आर्द्रता बदलते. हवा आणणारी टेफ्लॉनची नळी 60 अंशांवर गरम आणि पूर्ण गुंडाळलेली हवी. 22 अंशांच्या वातानुकूलित खोलीत ती उघडी शिरली तर आत पाणी धरते आणि मिथेनॉलसारखे वायू त्यातच विरघळून बसतात. बेंझीन ठीक दिसत असल्याने ही चूक लवकर ध्यानातही येत नाही.

पुंजक्यांवर नजर ठेवायला हायड्रोनियमचे 19 आणि पुंजक्याचे 37 ही शिखरे थेट मोजू नयेत, तिथे आयन इतके असतात की डिटेक्टरला ते मोजता येत नाहीत. जड ऑक्सिजनवाल्या आयनांची 21 आणि 39 ही शिखरे घेऊन त्यांना अनुक्रमे 500 आणि 250 ने गुणावे आणि पुंजक्यांचे हायड्रोनियमशी गुणोत्तर काढावे. आयन तयार करणाऱ्या भागातली वाफही ड्रिफ्ट ट्यूबमध्ये झिरपत असल्याने हे गुणोत्तर कोरड्या दिवशीही शून्य होत नाही. बेंझीनच्या प्रत्येक आलेखाखाली ते, टाउनसेंडचा आकडा आणि त्या वेळची आर्द्रता अशा तीन गोष्टी छापल्या, तर जानेवारी आणि जुलैचे आकडे शेजारी ठेवता येतील.

आपला,
मास स्पेक्ट्रोमेट्रीचा एक अभ्यासक, पुणे