मलिंगारच्या कॉन्सर्टिनावाल्या आजींना

आदरणीय आजी,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र आपल्याला वाचता येणार नाही, हे ठाऊक असूनही मी ते मराठीत लिहीत आहे. मलिंगारच्या संगीत-उत्सवातल्या त्या गर्दीत आपले नाव विचारायचे राहून गेले. आपण आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातल्या आहात, कॉन्सर्टिना, म्हणजे हातात धरायची भात्याची पेटी, वाजवता आणि चहा बिनसाखरेचा घेता, एवढीच काय ती माझ्याकडची माहिती. इंग्रजीत चार ओळी लिहून मी त्या पबच्या पत्त्यावर धाडल्या आहेत आणि कोणीतरी त्या आपल्या हाती देईल अशी आशा आहे. पण 12 ऑगस्टच्या शनिवारी आपण माझ्या सासऱ्यांसाठी जे केलेत ते नीट सांगायचे तर मला माझीच भाषा लागते, आणि आमच्या माणसांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

माझे सासरे, अण्णा, कराडजवळच्या एका खेड्यातले माळकरी शेतकरी. वय 74. गावच्या भजनी मंडळात त्यांनी 40 वर्षांहून अधिक काळ टाळ धरला, गरज पडेल तेव्हा पेटीही वाजवली, आणि त्यांच्या आवाजावाचून गावातली एकादशी कधी पार पडली नाही. गेल्या दिवाळीनंतर सासूबाई गेल्या आणि अण्णांचे गाणे थांबले. मंडळाची मंडळी बोलवायला येत, तेव्हा ते देवळात जाऊन बसत, टाळही हातात घेत, पण तोंड उघडत नसत. मे महिन्यात आम्ही त्यांना आग्रहाने डब्लिनला आणले. आम्ही दोघे कामावर गेलो की ते खिडकीत बसून पाऊस पाहत.

आषाढीनंतरच्या रविवारी इथल्या आमच्याच लोकांनी एक कार्यक्रम ठेवला होता. मोठ्या मिनतवारीने अण्णा एक अभंग म्हणायला तयार झाले. आदल्या रात्री त्यांनी धोतराला स्वतः इस्त्री केली. दुसऱ्या दिवशी सभागृहात तीन तास ते पहिल्या रांगेत उपरणे सावरत बसून राहिले, आणि सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच लांबल्यामुळे सभागृहाची वेळ संपली. त्यांना येऊन तसे सांगण्याचीही कोणाला गरज वाटली नाही. दिवे मालवू लागले तेव्हाच आम्हाला कळले. दारात एक कार्यकर्ते भेटले आणि ‘काका, पुढच्या वेळी नक्की’ म्हणून पुढे गेले. आषाढीच्या कार्यक्रमात वारकऱ्याच्या अभंगाला पाच मिनिटे सापडू नयेत, याचा सल माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढे जुलैमध्ये दुसऱ्या एका गावी आम्ही त्यांना आयरिश संगीत ऐकवायला नेले. गुडघा दुखत होता म्हणून अण्णा वाजवणाऱ्यांच्या घोळक्यातल्या एका रिकाम्या खुर्चीवर टेकले. तेवढ्यात गिटार घेतलेल्या एका गृहस्थांनी, कोंबडी हुसकावावी तसा हात हलवून, त्यांना उठवले. ती खुर्ची वादकांची होती हे खरे. परतताना गाडीत अण्णाच मला म्हणाले, ‘चूक आपली होती. पखवाज्याच्या जागेवर आपण तरी कोणाला बसू देतो का?’ ते रीत जाणणारे आहेत, म्हणूनच त्यांना ते अधिक लागले. रीत सांगण्याचीही एक रीत असते, आणि ती त्या गृहस्थांकडे नव्हती.

त्यामुळे ऑगस्टमध्ये मलिंगारला ‘फ्ला’ला जायचे ठरले, तेव्हा अण्णा केवळ नातीच्या हट्टापायी निघाले. फ्ला या आयरिश शब्दाचा अर्थच मेजवानी. ही संगीताची मेजवानी. 1951 साली, हे संगीत आपल्या डोळ्यांदेखत संपणार या भीतीने काही मोजके वादक याच मलिंगार गावात जमले, त्यातून कोल्तस ही संस्था उभी राहिली आणि पहिला फ्लाही इथेच भरला. तेव्हा स्वयंपाकघरांत आणि शेतकऱ्यांच्या ओसरीवर जीव धरून असलेले हे संगीत आज लाखो माणसांना एका लहान गावात खेचून आणते. उत्सव आठवडाभर चालतो खरा, पण त्याचा कळस शेवटच्या शनिवार-रविवारी. रस्त्यारस्त्यांवर आठ-दहा वर्षांची मुले फिडलची, म्हणजे व्हायोलिनची, पेटी पुढ्यात उघडी टाकून वाजवत होती. बाजारचौकात एका जाड फळीवर एक तरुण नाचत होता. खांदे सैल, हात मोकळे, आणि सगळा ताल टाचांत. पूर्वी यासाठी घराचे दार बिजागऱ्यांवरून उतरवून जमिनीवर ठेवत, असे शेजारच्या बाईंनी सांगितले. अण्णांनी थोडा वेळ ऐकले आणि मांडीवर बोटे वाजवत ते नातीला म्हणाले, ‘हा दादरा आहे बघ, फक्त घाईतला.’ त्याला इथे जिग म्हणतात, हे तिने त्यांना सांगितले. मे महिन्यापासून त्यांच्या बोटांवर ताल मी पहिल्यांदा पाहिला.

खाण्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याशी जोडलेली आहे. अण्णा चातुर्मास पाळतात, कांदा-लसूणही खात नाहीत. उकडलेल्या बटाट्यात कोबी आणि लोणी घोटून करतात तो पदार्थ त्यांना आवडला असता, पण त्यात कांद्याची पात होती. पाऊस आल्यावर आम्ही ज्या पबच्या मागच्या खोलीत शिरलो, तिथे आपण बसला होता. पब म्हटल्यावर गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस उंबऱ्यावरच थबकला. आपण वर पाहिलेत, शेजारच्या स्टुलावरची कॉन्सर्टिनाची पेटी उचलून आपल्या पायाशी ठेवलीत आणि त्या रिकाम्या जागेवर हाताने थोपटलेत. ते स्टूल वादकांच्या वर्तुळात होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिले, मी आपल्याकडे पाहिले, आणि आपण पुन्हा एकदा थोपटलेत.

पुढ्यात चहाची किटली आणि काळसर पावाच्या जाड कापा आल्या. हा पाव यीस्टने फुगवत नाहीत, त्यात कणीक, ताक, सोडा आणि मीठ एवढेच असते, हे आपण मला सांगितलेत. मी ते अण्णांना सांगितले. आणि ‘मग ही ताकातली भाकरीच की’ म्हणत त्यांनी लोणी लावून दोन कापा खाल्ल्या.

मग आपण त्यांना आपले वाद्य दाखवलेत. अण्णा त्याला पेटीच म्हणाले, आणि ते चुकीचेही नाही, कारण दोन्हींत भाता आणि सूर एकाच जातीचे. फक्त आपल्या पेटीत एकच बटण भाता दाबताना एक सूर देते आणि ओढताना दुसरा, याचे त्यांना फार नवल वाटले. उजव्या हाताचे एक बटण दाबल्यावर वर येत नव्हते, तेही आपण दाखवलेत. 1956 साली आपल्या क्लेअरमधल्या एनिसला फ्ला भरला तेव्हा वडिलांच्या सायकलीवर पुढे बसून आपण पहिल्यांदा गेला होता, हेही सांगितलेत. ‘हे काय करतात?’ असे आपण मला विचारलेत. मी म्हटले, ‘गातात. गात होते.’ यावर आपण काहीच बोलला नाहीत.

वाद्ये थांबली आणि एका बाईंनी डोळे मिटून, साथीशिवाय, आयरिश भाषेतले एक लांब गाणे म्हटले. या गायकीला शान नोस, म्हणजे जुनी रीत, असे नाव आहे. गाणे संपल्यावर पुढे कोणी गावे हे सांगण्याचा मान गाणाऱ्याचा असतो. इथे त्याला नोबल कॉल म्हणतात. त्या बाईंनी आपल्याला बोलावले आणि आपण तो मान अण्णांकडे वळवलात. खोली गप्प झाली. मला वाटले, आता ते उठून जातील. त्यांनी टोपी नीट केली, एक हात कानाशी नेला आणि अभंग उचलला.

दुसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज फाटला. ते कडवे सासूबाईंच्या आवडीचे होते, हे त्या खोलीत मी आणि माझे यजमान सोडून कोणाला ठाऊक असणार? ते थांबले. त्या क्षणी आपण त्यांचा मांडीवर पडलेला हात आपल्या हातात घेतलात आणि हळूहळू, गोल गोल फिरवू लागलात. गाणाऱ्याचा हात असा धरून गाण्याच्या लयीत फिरवण्याची जुनी चाल आयर्लंडमध्ये आहे, हे मला मागाहून कळले. त्या वेळी मी केवळ घाबरले. आमच्याकडे परक्या बाईने पुरुषाचा हात धरणे ही साधी गोष्ट नाही. अण्णांनी मात्र हात काढून घेतला नाही. दोन फेरे झाले, तीन झाले. आपल्या बोटांचे पेर संधिवाताने सुजलेले होते, त्यांच्या बोटांना नांगराचे जुने घट्टे, आणि ते दोन्ही हात टेबलाच्या कडेवर, चहाच्या कपाशेजारी, सावकाश फिरत होते. चौथ्या फेऱ्याला अण्णांचा आवाज परत आला, आणि अभंग शेवटपर्यंत गेला. कोपऱ्यातून कोणीतरी ‘मा हू’ म्हणाले. तिथली शाबासकी ती.

रात्री घरी आल्यावर अण्णा मला म्हणाले, ‘आई पहाटे जात्यावर बसायची ना, तेव्हा मी लहान होतो, खुंट्याला माझाही हात लावून घ्यायची. तसाच हात फिरत होता.’ त्यांच्या आईविषयी ते माझ्याशी यापूर्वी कधीच बोलले नव्हते.

आजी, आपण त्यांना टाळ्या मिळवून दिल्या म्हणून मी हे लिहीत नाही. त्या खोलीत कोणी मोबाइल काढला नाही, कोणी त्यांच्या धोतराचे कौतुक केले नाही, ‘भारतातून आलेले पाहुणे’ म्हणून त्यांची ओळख करून दिली नाही. ज्याला जे येते ते त्याने करावे आणि मध्येच अडखळला तर शेजारच्याने हात द्यावा, एवढेच तिथे गृहीत होते. वारीत ओळखपाळख नसलेली माणसे एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात, त्यामागेही हेच असते. म्हणूनच निघताना अण्णांनी आपल्याला ‘माउली’ म्हटले. मी त्याचे भाषांतर करू शकले नाही, आणि आपणही विचारले नाहीत. आपण आपल्या भाषेत ‘गो रेव मा अगत’ म्हणालात. त्याचा शब्दशः अर्थ ‘तुमच्यापाशी चांगले असो’ असा होतो, हे मी नंतर शोधून काढले. आमच्याकडेही म्हातारी माणसे आभार न मानता ‘भले होवो’ म्हणतात.

अण्णा सप्टेंबरात गावी परतले. परवाच्या एकादशीला ते देवळात गायले, असे जाऊबाईंनी फोनवर सांगितले. स्वतः अण्णा त्याविषयी चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की त्या माउलींच्या पेटीचे बटण नीट झाले का, आणि आपल्याला निरोप द्यायला सांगितला: दमट हवेने लाकूड फुगले असेल तर भोकाच्या कडेला शिसपेन्सिल घासून पाहावी, मंडळाची पेटी पावसाळ्यात ते तशीच चालती ठेवतात, तेल मात्र मुळीच घालू नये.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
अण्णांची सून