जळगावच्या टूलरूममधील नानांना, एका मिलिमीटरच्या छिद्राबद्दल

आदरणीय नाना,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात, लेझरच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनांना वेग देण्याविषयीचा माझा प्रबंध सादर झाला. त्याच्या ऋणनिर्देशात तुमच्याविषयी एक ओळ आहे. परंतु ती इंग्रजीत आहे, आणि प्रबंध वाचणाऱ्यांपैकी कोणी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या तुमच्या टूलरूमपर्यंत येण्याचा संभव नाही. म्हणून हे पत्र मराठीत आणि सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. नाव छापू नकोस असे तुम्ही बजावले होते, ते पाळते. वडिलांचे स्नेही म्हणून लहानपणापासून ज्या नावाने हाक मारत आले, तेवढेच येथे ठेवते.

तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात मी तुमच्याकडे आले तेव्हा माझ्याजवळ रुमालात गुंडाळलेले एक पितळी नोझल होते. बाहेरून करवून घेतलेल्या त्या नोझलची मापे बरोबर असल्याचा कागद त्याच्यासोबत आला होता. प्रत्यक्षात मात्र निर्वात पेटीत त्यातून हीलियमचा झोत सोडला की तो एका बाजूला कलत असे, आणि चार महिने आमच्या पडद्यावर काहीही उमटले नव्हते. तुम्ही ते उजेडाकडे धरून डोळा लावलात आणि काही न बोलता उठून पाण्याच्या नळीला जोडलेत. ठिबकचे ड्रिपर तपासण्याची ती तुमची जागा. धार काचेच्या कांडीसारखी सरळ यायला हवी होती; ती दोन बोटांवरच पिळवटली आणि फाटली. "आत कंठाशी बर राहून गेली आहे," एवढेच तुम्ही म्हणालात; म्हणजे छिद्राच्या सर्वांत अरुंद जागी धातूची बारीक कोर. चार महिने आम्ही दोष लेझरमध्ये शोधत होतो.

एवढ्याशा छिद्राचे तुम्हाला काय काम, असे तुम्ही त्या दिवशी विचारले होते. तेव्हा घाईत नीट सांगता आले नाही, म्हणून आज सांगते.

कणांना वेग देणारी रूढ यंत्रे धातूच्या पोकळ्यांची बनलेली असतात. पोकळीत विद्युतक्षेत्र उभे करायचे आणि त्याच्या जोरावर इलेक्ट्रॉनला पुढे ढकलायचे. परंतु हे क्षेत्र दर मीटरला काही कोटी, फार तर दहा कोटी व्होल्टच्या आसपास पोहोचले की धातूच्या पृष्ठभागावर ठिणगी पडते आणि भिंतीला खड्डे पडू लागतात. त्यामुळे ऊर्जा वाढवायची तर यंत्र लांब करत जाणे एवढाच मार्ग उरतो. १९७९ साली तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांनी वेगळी वाट सुचवली. प्लाझ्मा म्हणजे ज्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन आधीच सुटे झालेले आहेत असा वायू. ठिणगीने त्याचे आणखी काही बिघडायचे उरलेलेच नसते. अतितीव्र लेझरचा एक अतिशय आखूड स्पंद त्यातून गेला, की तो हलक्या इलेक्ट्रॉनांना बाजूला सारतो. इलेक्ट्रॉन गमावलेले जड अणू, म्हणजे आयन, जागच्या जागी राहतात आणि सारलेल्या इलेक्ट्रॉनांना परत ओढतात. ते झेपावून मूळ जागेच्या पलीकडे जातात, आणि तापीतून होडी गेल्यावर तिच्यामागे लाटा उठाव्यात तशी एक लाट त्या स्पंदामागे धावू लागते. तिच्यातले विद्युतक्षेत्र दर मीटरला शंभर अब्ज व्होल्टपर्यंत जाऊ शकते. तिच्यावर नेमक्या जागी सापडलेला इलेक्ट्रॉन काही मिलिमीटरमध्येच प्रचंड ऊर्जा मिळवून बाहेर पडतो.

कल्पना होती, पण तसा लेझर नव्हता. स्पंद आधी ताणून लांब करायचा, मग त्याची ऊर्जा वाढवायची आणि शेवटी पुन्हा आवळायचा, ही युक्ती डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी १९८५ साली दाखवली. या युक्तीला २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २००६ साली अमेरिकेत बर्कली येथे ३.३ सेंटिमीटर लांबीच्या प्लाझ्मात इलेक्ट्रॉन एक अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत (एक व्होल्टने ढकलल्यावर इलेक्ट्रॉनला मिळते ती ऊर्जा एक इलेक्ट्रॉनव्होल्ट) पोहोचले आणि २०१९ साली तेथूनच २० सेंटिमीटरमध्ये ७.८ अब्जांचा निकाल प्रसिद्ध झाला. आपल्या शेजारी इंदूरला इंडस-२ हे यंत्र आहे. त्याचे कडे सुमारे १७२ मीटर घेराचे असून त्यात इलेक्ट्रॉन अडीच अब्जांवर फिरतात. त्या कड्यातला इलेक्ट्रॉनांचा झोत तासन् तास स्थिर राहतो, आमचा एका क्षणात संपतो, त्यामुळे ही तुलना सरळ नाही हे मी जाणते. तरीही वीतभर लांबीत एवढी ऊर्जा मिळते, या गोष्टीने मला या विषयाकडे ओढले, आणि ती ओढ आजही कमी झालेली नाही.

आता तुमच्या छिद्राकडे येते. लेझर ज्या वायूत शिरून त्याचा प्लाझ्मा करतो, तो वायू कडेला एकदम दाट व्हावा लागतो आणि आत सर्वत्र सारखा असावा लागतो. वायू हळूहळू दाट होत गेला तर लेझर आत पोहोचण्याआधीच पसरतो. दाटी कमीजास्त झाली तर लाटेची लांबी बदलते, आणि आमच्या प्रयोगात ती लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी आहे. म्हणून वायू ध्वनीच्या कित्येक पट वेगाने सोडावा लागतो, आणि त्यासाठी नोझल आधी निमुळते होत कंठाशी एक मिलिमीटर आणि पुढे रुंदावत तोंडाशी तीन मिलिमीटर असे केले होते. कंठ ०.१ मिलिमीटरने जरी मोठा झाला तरी वायूचा प्रवाह २१ टक्के वाढतो. हे आकडे मी सांगितले तेव्हा तुम्ही वहीत आकृती काढलीत आणि म्हणालात, "व्हई जाई."

पुढचे तीन आठवडे तुम्ही रोज पहाटे यायचात, कारण जळगावच्या उन्हाळ्यात दुपारी मशीन तापते आणि माप हलते. तांब्याचे दोन निमुळते इलेक्ट्रोड तुम्ही लेथवर स्वतः उतरवलेत आणि तेलात बुडालेल्या स्टीलच्या तुकड्यात स्पार्क मशीनवर दोन्ही बाजूंनी कोन कोरलेत. मी शेजारी उभी राहून त्या निळसर ठिणग्या पाहत होते. मोठ्या यंत्रांच्या पोकळ्या ज्या ठिणगीपुढे हात टेकतात, तीच येथे धातूचा कण न् कण मोजून खात होती, आणि तेलातल्या त्या प्रत्येक ठिणगीत क्षणभर प्लाझ्माच तयार होत होता. हे मी बोलून दाखवले तेव्हा तुम्ही मशीनवरची नजर न काढता म्हणालात, "मग आपला धंदा एकच की." शेवटी बांबूची काडी तासून, तिच्या टोकाला डायमंड पेस्ट लावून तुम्ही कंठ आतून घासलात. पहिली चार नोझले तुम्ही स्वतःच बाद केलीत. मला त्यांत काहीच दोष दिसला नव्हता. पाचव्याची धार नळीपासून बादलीपर्यंत अखंड पडली.

त्या नोझलने आमच्याकडे इलेक्ट्रॉनांचा पहिला झोत कधी दिला ते मला तारखेसह आठवते. व्हॉल्व्ह काही मिलिसेकंद उघडला, लेझर आला, आणि चुंबकापलीकडच्या, इलेक्ट्रॉन आदळले की उजळणाऱ्या फॉस्फरच्या पडद्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका उमटला. मी प्रयोगशाळेतूनच तुम्हाला फोन केला होता. तुम्ही विचारलेत, "सरळ आली का धार?" मला काही वेळ बोलताच आले नाही.

नाना, तुम्ही पैसे घेतले नाहीत, आणि हे सारे कोण्या मोठ्या संस्थेसाठी चालले आहे की एका मुलीच्या हट्टासाठी, हेही विचारले नाहीत. प्रकाशित लेखावर आम्हा सहा जणांची नावे आहेत. वायूच्या झोताच्या आकाराची जी आकृती त्यात छापली आहे, ती तुमच्या हाताची आहे. लेझर आणि संगणकाच्या गणितावर आम्ही पानेच्या पाने लिहितो आणि नोझलला एक ओळ देतो. हे मला योग्य वाटत नाही, म्हणून प्रबंधात तुमच्या रीतीवर, पाण्याच्या चाचणीसह, पूर्ण तीन पाने लिहिली आहेत. आता आमच्या गटात प्रत्येक नवे नोझल आधी पाण्याखाली धरले जाते.

दिवाळीत अमळनेरला येईन तेव्हा जळगावला उतरते. तुम्ही पाहायला मागितलेले ते पाचवे नोझल सोबत आणत आहे. त्याच्या ओठावर लेझरने खाल्लेला खड्डा भिंगाखाली स्पष्ट दिसतो. नव्या नोझलची आकृतीही आणते. या वेळी तोंडाजवळ वायूच्या झोताच्या कडेत एक पातळ पाते शिरवायचे आहे, म्हणजे वायूत एकदम पायरी पडेल आणि इलेक्ट्रॉन लाटेवर ठरलेल्या जागी चढतील. पाते कसे धरावे ते मला सुचलेले नाही.

तुमची,
अमळनेरची विद्यार्थिनी